बैलाचं वशिंड

आमच्या घरात बोललेला शब्द मागे घ्यायची पद्धत नाही. त्यामुळे जेवताना मी बाबांना जे बोलून गेले, ते मला थंडीतल्या एका शुक्रवारी पायांनी निस्तरावं लागलं.

बाबा मासेमार. वर्षभरापूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. त्याला आमच्या घरात स्प्रिंग म्हणतात. तेव्हापासून होडी भाऊ चालवतो आणि बाबा अंगणात बसून जाळी दुरुस्त करतात, न फाटलेलीसुद्धा. त्यांना एकदा तरी होडीवर जायचं होतं. भाऊ नको म्हणायचा, आई नको म्हणायची. मी सगळ्यांत जोरात नको म्हणायचे, कारण दवाखान्यात त्यांच्या उशाशी मी बसले होते आणि ती भीती अजून माझ्या पोटातून गेलेली नव्हती. त्या दिवशी भाताच्या दुसऱ्या घासाला त्यांनी पुन्हा होडीचा विषय काढला, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "आधी बैल चढून दाखव, मग जा होडीवर."

बैल म्हणजे डोंगर. समुद्रातून पाहिलं की किनाऱ्यामागे तो बसलेल्या बैलासारखा दिसतो, लांबलचक पाठ आणि तिच्यावर वशिंड. परत येताना ते वशिंड गावातल्या देवळाच्या कळसावर आलं की होडीचं नाक सरळ धरायचं, म्हणजे पाण्यातले खडक चुकतात. भावाकडे आता जीपीएस आहे. बाबांच्या मते ते यंत्र बरं आहे, पण त्याला वशिंड नाही. एवढी वर्षं या बैलाच्या भरवशावर घरी आलेल्या आमच्या वस्तीतलं कोणीही त्याच्यावर चढलेलं नव्हतं. म्हणूनच मी बिनधास्त बोलले होते.

बाबांनी हात धुतले आणि विचारलं, "तुला सुट्टी कधी हाय?"

आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने ती एरवी नासलेल्या मासळीकडे बघते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, हळूहळू चढू द्या, दम लागला की बसवा. होडीचं त्यांना कोणी विचारलं नाही. ते हो म्हणाले तर काय करायचं, हा आमच्यापुढे प्रश्न होता.

मी तारापूरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये काम करते आणि सरावलीला खोली घेऊन राहते, घरी अधूनमधून जाते. आमची सुट्टी शुक्रवारी. सकाळी उमरोळी स्टेशनवर बाबा भेटले. त्यांच्याकडे पाच लिटर पाण्याचा कॅन, तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलाची चटणी आणि नायलॉनच्या दोरीचं वेटोळं होतं.

"दोरी कशाला?"

"आसावी."

रिक्षाने आम्ही डोंगराखालच्या पाड्यावर उतरलो. अंगणात एक बाई वाल निवडत होती. बाबांनी तिला विचारलं, बैलावर कुठून जायचं. ती म्हणाली, "आमचा बैल तं गोठ्यात हाय." मग बाबांनी हाताने पाठ दाखवली, वशिंड दाखवलं, समुद्रातून तो कसा दिसतो ते सांगितलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि वाट दाखवली. वरून दर्या दिसतो असं पोरं सांगतात, म्हणाली. ती स्वतः लाकडं आणायला कितीदा तरी वर गेली होती, पण दर्याकडे बघायला तिला कधी सवड झाली नव्हती.

वाट तशी अवघड नव्हती. आधी सागाचं रान, मग वाळकं गवत, मग पायाखाली घसरणारी खडी. बाबांनी पहिल्याच चढाला चपला काढून दोरीला बांधल्या. होडीवर कोण चपला घालतं, असं त्यांचं म्हणणं. दर थोड्या वेळाने मी म्हणायचे, "दम लागला असेल तर बसू या." तेही लगेच बसायचे, कारण दम मला लागलेला असायचा. दिवसभर स्टुलावर बसून रसायनांचे नमुने तपासणाऱ्या माणसाने दुसऱ्याला डोंगर चढायला लावू नये. मनातून मी त्यांच्या थकण्याची वाट बघत होते. ते दमले असते तर विषय मिटला असता. ते मात्र वाऱ्याची दिशा बघत, शिडाची होडी हाकल्यासारखे, या अंगावरून त्या अंगावर असे चढत होते.

माथ्यावर सपाट कातळ होता आणि त्यापुढे एकदम तुटलेला कडा. खाली रेल्वेचे रूळ, कारखान्यांच्या चिमण्या, खाडी, आणि त्यापलीकडे समुद्र. बाबांनी मला आमचं गाव दाखवलं. मला फक्त झाडं दिसली, पण मी हो म्हटलं. दोन होड्या पाण्यावर होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या.

"एवडाच दिसतो दर्या?" बाबा म्हणाले. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

आम्ही भाकरी खाल्ली. मग पाणी प्यायला ते मागे वळले आणि कॅन हातात धरून तसेच उभे राहिले. मागे खोल दरी होती. दरीपलीकडे दुसरा डोंगर होता. आणि त्या डोंगराच्या डोक्यावर, ऐटीत, वशिंड होतं.

समुद्रातून एक दिसणारा बैल दोन डोंगरांचा होता. आम्ही पुढच्याच्या पाठीवर बसून चटणी खात होतो.

तिकडे जायचं तर दरी उतरून पुन्हा चढायचं होतं. ते आमच्या दोघांच्याही आवाक्यातलं नव्हतं.

"हा तो नाय," बाबा म्हणाले. मग खाली बसून त्यांनी दोरी सोडली आणि चपला पायात घातल्या. "हरलो. नाय जात होडीवर."

मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं, तेही न भांडता. हायसं वाटलं, नाही असं नाही. पण चपलांचे बंद लावताना ते एकदम म्हातारे दिसले. दवाखान्यातसुद्धा ते असे दिसले नव्हते. मला ते बघवेना.

"दर्यातून डोंगर किती दिसतात?" मी विचारलं.

"एक."

"मग तू तो चढलास."

"पाठीवर चढलो. वशिंडावर नाय."

"बैलावर बसणारा माणूस पाठीवरच बसतो, बाबा. वशिंडावर बसलेला कोण बघितलायस?"

त्यांनी यावर नीट विचार केला. मग ते इतके हसले की मला त्यांच्या स्प्रिंगची काळजी वाटली. उतरताना चपला पुन्हा दोरीला होत्या.

आईने चार दिवस माझा फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी बाबा होडीवर गेले. भावाने त्यांना कशालाही हात लावायचा नाही अशी अट घातली होती आणि त्यांनी ती बंदर सुटेपर्यंत पाळली.

त्या दिवशी लॅबमध्ये मी एकच नमुना तीनदा तपासला. दुपारनंतर फोन वाजला. मागे इंजिनचा आवाज होता.

"वशिंड देवलावर आला गो," बाबा ओरडून म्हणाले. "पन आता मना दोन डोंगर दिसतात. एवडी वर्सं एक दिसायचा, आता दोन."

"मग काय करायचं?"

"दुसरा ऱ्हायलाय. पुढल्या थंडीत सुट्टी काढून ठेव."

पुढल्या थंडीत, असं ते म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून आमच्या घरात कोणी उद्याच्या पुढचं बोललं नव्हतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि तोंडावरचा मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला.