पूल ओलांडणारी फांदी

हे मी घरी सांगितलेलं नाही, मित्रांत नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? मलाही नीट कळत नाही.

बडोद्यात इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. प्रोजेक्टमध्ये माझा जोडीदार नीलेश. शहरातली ठिकाणं द्यायची, त्यांना जोडणारा सर्वांत जवळचा रस्ता शोधायचा, असा आमचा प्रोग्राम. तो एका वाटेने शेवटपर्यंत जायचा, मागे फिरायचा, मग पुढची फांदी धरायचा. शोधाचा भाग नीलेशचा, पडद्यावर दाखवण्याचा माझा — अहवालातही तसंच लिहिलेलं.

कोणती फांदी सोडायची, याबाबत नीलेश हट्टी होता. आधी सापडलेल्या रस्त्यापेक्षा जी लांब झाली, तेवढीच छाटायची. "तिकडे काही नाही हे माहीत असेल तरच कापायचं ने," म्हणायचा. बरोबरच होतं. पण प्रोग्राम फार वेळ घ्यायचा, आणि तोंडी परीक्षेच्या सकाळी मला भीती वाटली — परीक्षकांसमोर पडदा कोराच राहिला तर? नीलेश चहाला गेला. मी त्याच्या भागात एक ओळ घातली: विश्वामित्री नदी एकदा ओलांडली, की परत ओलांडणारी प्रत्येक फांदी सोडून द्यायची. आम्ही चाचणीला घेतलेल्या ठिकाणांना एकदाच पूल ओलांडणं पुरायचं. उत्तर झटकन आलं. त्याला सांगितलं का? नाही.

परीक्षकांनी स्वतःची ठिकाणं दिली. मांजलपूरहून निघा, नदीपलीकडे अकोट्याला जा, मांजलपूरला परत या. पडद्यावर आलं — रस्ता नाही.

"अकोट्याला गेलेला माणूस तिथेच राहतो का?" त्यांनी विचारलं. मागे कोणीतरी हसलं. मग, शोधाचा भाग कोणाचा? नीलेशने हात वर केला. मी शेजारीच उभा होतो — आवाजही चढवावा लागला नसता, इतका जवळ.

तो नापास झाला, मी पास. त्याला एका कंपनीने घेतलं होतं, याच वर्षी पास होण्याच्या अटीवर. ती नोकरी गेली.

एवढंच असतं तर — भित्रेपणा म्हणून मी स्वतःशी कधीतरी मिटवलंही असतं. पण परीक्षेनंतर त्या दुपारी नीलेश लॅबच्या पायरीवर बसून प्रोग्रामचे कागद वाचत होता. ती ओळ त्याला सापडली. बराच वेळ बोट तिच्यावर ठेवून बसला. मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत संशय नव्हता — मी तोच शोधत होतो, म्हणून सांगू शकतो.

"मीच लिहिली असेल ने," तो म्हणाला. "जागरणं काय कमी झालीत? आठवत नाही यार."

मी म्हणालो, "असेल."