चित्र बघायला येणाऱ्या मावशी

वडिवळ्याला चित्रकारांसाठीच्या निवासात मी महिनाभर राहिलो. एक मावशी रोज डोक्यावर गवताचा भारा घेऊन माझ्या ओसरीपाशी थांबायच्या, चित्र बघायच्या, "च्च" करायच्या आणि निघून जायच्या. मी कधी त्यांचं नाव विचारलं नाही. कुणाचं "च्च" ऐकून घेणारा माणूस मी नव्हे. दुकानांच्या पाट्या रंगवत वर आलोय. एका समीक्षकाने मला "पाटीवाला" म्हटलं होतं, तो राग अजून उतरलेला नाही.

लोणावळ्यात माझं पहिलं एकल प्रदर्शन लागलं. मधल्या भिंतीवर वडिवळ्यात काढलेलं भातलावणीचं मोठं चित्र होतं: ओणव्या बायका, त्यांच्यापुढे मोकळा चिखल, पाठीमागे हिरव्या ओळी. त्या समीक्षकाचं तोंड बंद करायला माझी सगळी मदार याच चित्रावर होती.

दुसऱ्या दिवशी त्याच मावशी वडिवळ्याहून धुवट लुगडं नेसून आल्या आणि कमरेवर हात ठेवून चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, ह्या पुढं सरकत लावत्यात व्हय? आमी मागं सरकतो. ह्यांनी तर लावल्यालं समदं तुडवलं की!"

लोक हसले. मी भडकलो. "मावशी, हे चित्र आहे!"

"मंग चित्रातलं रोप जगायचं न्हाई का?"

यावर मलाच हसू फुटलं. चित्र मी तिथल्या तिथे उतरवलं. पुढचे दोन दिवस मधली भिंत रिकामी होती आणि मी मावशींच्या खाचरात, गुडघाभर चिखलात, त्यांच्या शिव्या खात मागे मागे सरकत होतो.