बोनेटवरचं कुंकू

गाडी गडद निळी घ्यायची हे माझ्या बायकोनं ठरवलं. शोरूममधला माणूस सांगत होता की नागपूरच्या उन्हात पांढरीच बरी, धूळही कमी दिसते. ती म्हणाली, "पांढरी तर सगळ्यायचीच आहे." विषय तिथंच संपला. आयुष्यभर आम्ही जुन्या गाड्या वापरल्या, दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा कोरी गाडी घेतली, आणि गुढीपाडव्याच्या दिवशी ती ताब्यात मिळाली.

पूजेचं ताट तिनं घरून नेलं होतं. बोनेटवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं, चार ठिपके दिले, चाकांखाली लिंबं ठेवली. मागं दुसरी कुटुंबं थांबली होती, शोरूमवाले घाई करत होते. कुंकू वाटीत वाळायला लागलं होतं, म्हणून शेवटची रेघ तिनं जरा दाबूनच ओढली. घरी आल्यावर गाडी पोर्चमध्ये लावली. पायऱ्या चढताना ती मागं वळून म्हणाली, "अहो, उद्या सकाळी ते कुंकू ओल्या फडक्यानं पुसून टाकजा. डाग पडन."

मी हो म्हणालो.

सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात गाडीनं नाही, ॲम्ब्युलन्सनं गेलो. अकराव्या दिवशी ती गेली.

कुंकू पुसायचं राहिलं. पहिले काही आठवडे खरोखरच विसरलो होतो. नंतर आठवलं, पण हात धजेना. गाडीवर कव्हर घातलं आणि उन्हाळाभर तिच्याकडे पाहिलं नाही. पोर्चवर पत्रे आहेत. मे महिन्यात त्या पत्र्यांखाली दुपारी उभं राहवत नाही. गाडी मात्र उभीच होती.

पुण्याहून मुलगी पोळ्याच्या सुमारास आली. तिनं कव्हर काढलं. कुंकवाची भुकटी झडून गेली होती, पण निळ्या रंगात तांबूस स्वस्तिक जसंच्या तसं उमटलेलं होतं. तिनं कव्हराची घडी घातली. मग म्हणाली, "बाबा, हिला कोटिंग करून घ्या. आईची गाडी अशी खराब होऊ देऊ नका." रंगावर असा संरक्षक थर देणाऱ्याचा पत्ता तिनंच शोधला. अमरावती रोडवर वाडीच्या पुढं, ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या रांगेत एक शेड होती.

शेडचा मालक चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. सगळं काम एकटाच करायचा. बाहेर ट्रक धूळ उडवत जात होते, आणि आत लादी अशी की चपला काढाव्याशा वाटाव्यात. मी खरंच काढल्या. तो हसला. "राहू द्या जी काकाजी, देऊळ नाही हे."

त्यानं गाडी फेसानं धुतली. मग एक पाण्यासारखा द्रव तिच्यावर फवारला. थोड्या वेळात त्या स्वच्छ निळ्या रंगावरून जांभळे ओघळ वाहू लागले. मी दचकलो. रंग जातोय की काय असं वाटलं.

"लोखंड आहे," तो म्हणाला. "हवेतलं. रेल्वेनं आली असन, रेल्वेच्या ब्रेकचं उडते. इकडं कोळसा, ट्रक. नवी गाडी म्हन्ता तुमी, पन नवी काहीच नसते जी."

पोर्चमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या गाडीवर एवढं काही येऊन बसलं होतं आणि ते डोळ्यांना दिसतही नव्हतं. मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करायचो. कागदात काय काय शिरून बसतं याची मला थोडी कल्पना होती. गाडीच्या पत्र्याबद्दल मी कधी असा विचार केला नव्हता.

मग त्यानं शेडचे दिवे मालवले आणि हातातला एक प्रखर दिवा बोनेटजवळ आडवा धरला. त्या उजेडात सपाट वाटणारा रंग सपाट राहिला नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक गोल रेघा उमटल्या, आणि मधोमध स्वस्तिक. तो खाली वाकला. एक डोळा मिटून बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "हे ज्यायनं काढलं, त्यायचं बोट वाकडं आहे काय?"

मी जवळ सरकलो.

"हे पाहा," तो म्हणाला. "परतेक रेघेच्या डाव्या बाजूनं एक बारीक चरा आहे. नखाचा. बोट सरळ असतं तर नख नसतं लागलं."

तिच्या उजव्या हाताची अनामिका लहानपणी खिडकीत सापडली होती. पहिल्या पेराशी ती डावीकडे वळलेली होती. लग्नात अंगठी त्या बोटात चढेना, म्हणून दुसऱ्या बोटात घातली. घराबाहेर हे कुणाच्या फारसं लक्षातही येत नसे. आणि वाडीतला एक अनोळखी माणूस, ज्यानं तिला कधी पाहिलं नाही, तो दिव्याच्या उजेडात तिचं बोट वाचत होता. मीही वाकलो. तो चरा दिसला. केसाएवढा, पण सलग. रेघ वळली तिथं तोही वळला होता. शेवटच्या रेघेत सगळ्यात ठळक होता. घाईत दाबून ओढलेली ती रेघ.

मी एवढंच म्हणालो, "माझी बायको होती ती. गेली."

त्यानं दिवा खाली ठेवला. थोड्या वेळानं एक छोटं यंत्र बोनेटवर टेकवून आकडा पाहिला आणि मला समजावलं. निळ्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, केसाहूनही पातळ. गाडीचं सगळं रक्षण तोच करतो. पॉलिश म्हणजे त्या थराचा अगदी थोडा भाग घासून काढणं. तसं केलं तर डाग निघेल. न घासता वरून कोटिंग केलं, तर डाग खाली तसाच बंद होईल, कायमचा.

"दोन्ही करता येते. काढू का ठेवू, थे तुमी सांगा. मी च्या घेऊन येतो." आणि तो मला दिव्यासोबत सोडून निघून गेला.

ठेवा, असंच मी म्हणणार होतो. तिच्या हातचं दुसरं काय उरलं होतं? लोणच्याची बरणी संपली होती. किराण्याच्या यादीवरची शाई फिकी होत चालली होती. इथं तर तिचं बोटच होतं, आणि ते कायमचं बंद करून देणारा माणूस पुढ्यात आला होता. पण दिवा धरून मी पाहत राहिलो, तसं मला तिचं ते वळून पाहणं आठवू लागलं. ओल्या फडक्यानं पुसून टाकजा. स्टीलच्या डब्यावर पाण्याचा ठिपका तिला खपत नसे. हा डाग तिनं मागं ठेवलेला नव्हता. तो माझ्याकडून राहिला होता. तिनं मला सांगितलेलं शेवटचं घरकाम होतं ते.

तो चहा घेऊन आला. मी म्हणालो, "काढा."

"नक्की ना जी? मंग मले काही म्हनसान नाही."

"नक्की."

त्यानं आधी एका कोपऱ्यात बोटभर जागेवर करून पाहिलं. आम्हीही पुस्तकाचं पान साफ करताना आधी कोपराच धरायचो. मग मशीनवर मऊ स्पंज लावून तो स्वस्तिकाकडे आला. दर थोड्या वेळानं थांबायचा, पुसायचा, यंत्रानं थर मोजायचा, पुन्हा दिवा धरायचा. ठिपके गेले. एकेक रेघ गेली. तांबडेपणा फिकट होत होत मुळीच उरला नाही, आणि त्याखालून असा निळा वर आला की त्यात छताच्या पट्ट्या मोजता आल्या असत्या. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. मी नुसता पाहत होतो. इतक्या पातळ थरावर एक माणूस इतक्या हलक्या हातानं चालला होता.

शेवटच्या रेघेवर त्यानं मशीन बंद केलं. आकडा दोनदा पाहिला.

"काकाजी, बस."

कुंकू गेलं होतं. नखाचा चरा मात्र राहिला होता, करंगळीच्या पेराएवढा.

"एवढाच राहिला ना?" मी विचारलं.

"एवढाच. पन थो खोल आहे. अजून घासलं तर वरचा थरच जाईन. गाडी वाचवाची म्हनून हे राहू द्या लागते." मग मशीनचा स्पंज काढत म्हणाला, "म्या काही केलं नाही बरं. त्यायनंच दाबून काढलं."

कोटिंग लावताना त्यानं त्या जागेपाशी मला हातमोजे दिले. छोट्या ठोकळ्यावर चार थेंब घेऊन मी ते आडवे-उभे पसरले. क्षणभर निळ्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग फिरले. तो म्हणाला, "आता पुसा, हलक्या हातानं." मी पुसलं.

निघताना त्यानं बजावलं, सात दिवस पाणी नको, आणि यापुढं कुंकू लावायचं तर काचेवर.

दसरा आला. वर्ष व्हायचं होतं, त्यामुळं घरात सण नव्हता. पण गाडी पुसून तिला हार घालणं म्हणजे सण नव्हे, असं माझं मीच ठरवलं. कुंकू भिजवलं. आजवर हे काम मी कधी केलेलं नव्हतं. अनामिका बुडवून समोरच्या काचेवर स्वस्तिक काढलं. रेघा जाडजूड आल्या, एक बाजू लांबली. माझं बोट सरळ आहे, त्यामुळं नख कुठंच लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्याही आधी, ओल्या फडक्यानं ते पुसून टाकलं.