मामू परत सांगत नाहीत

आजवर बायकोलासुद्धा बोललो नाही ते लिहून टाकतो: आमच्या मामूंची नोकरी माझ्यामुळे गेली. आणि उभ्या मराठवाड्यात मामूंइतका विक्षिप्त माणूस झाला नाही, हेही त्याच दमात सांगतो.

मामू लातूरच्या आमच्या डाळमिलचं नेटवर्क सांभाळायचे. सगळी मिल त्यांना मामूच म्हणायची. मी त्यांच्या हाताखाली. लातूर, नांदेड, भोकर अशी तीन ऑफिसं एका ओळीत जोडलेली. प्रत्येक राउटरनं शेजाऱ्याला एवढंच कळवायचं, की अमुक गाव माझ्यापासून इतक्या टप्प्यांवर. मामूंचा कायदा एकच. "मियाँ, ज्यानं रस्ता सांगितला त्यालाच तो परत सांगायचा न्हाई. न्हाई तर दोघं येडे एकमेकाच्या भरोशावर फिरत बसतेत." राउटरला हे ठीक, पण मामू घरीदारीही तसेच. आपल्या मुलाचं लग्न ठरल्याचं मिलच्या मालकांनी स्वतः येऊन सांगितलं, तर लग्नात मामूंनी अख्ख्या वऱ्हाडाचं अभिनंदन केलं, मालकांना सोडून. "खबर त्यांचीच, त्यांनाच काय वापस देऊ?" पंधराच्या वर टप्पे गेले की ते गाव नाहीच, असं राउटर धरतो. मामूंनीही भोकरला दावतीचं घर पंधरा जणांना विचारलं. सोळावा, खुद्द यजमान, दारातून "ओ मामू, इकडं या की!" म्हणून ओरडत होता. "गिनती खतम," म्हणत मामू उपाशीच एसटीत बसले.

एका दुपारी चाचणीसाठी मी लातूरच्या राउटरमधला तो कायदा बंद केला, जेवायला गेलो आणि परत चालू करायचा विसरलो. आठवड्याभरात रस्त्याच्या खोदकामात भोकरची तार तुटली. नांदेड म्हणालं, भोकर गेलं. लातूर म्हणालं, घाबरू नको, मला रस्ता ठाऊक आहे. आणि तो ऐकलेला नांदेडकडूनच! नांदेडनं विश्वास ठेवला. टप्पे तीन, चार, पाच... गिनती सोळावर जाईपर्यंत भोकरचे निरोप दोघांमध्ये गरगरत राहिले, त्या गर्दीत नांदेडचंही काम अडलं. तार दिवसभर जुळत-तुटत होती, दर वेळी हाच तमाशा. बिलं निघेनात, मिलच्या दारात भरलेल्या गाड्या उभ्या.

"कुणी केलं हे?" मालक गरजले. राउटरच्या नोंदीत बदल करणाऱ्याचं नाव असतं. मामूंनी ते वाचलं, स्क्रीन बंद केला. "म्या केलं, मालक." मी शेजारीच उभा होतो.

मामू आता नांदेडला मोबाइल दुरुस्त करतात. ईदला जातो, शीरखुर्मा खातो. त्या दुपारबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. मी याला दिलदारी समजत होतो. मग उमगलं, चूक माझ्याकडूनच त्यांच्याकडे गेलेली. ती मला परत सांगणं त्यांच्या कायद्यात बसत नाही.

मालकांसमोर उभं राहून "ते मी केलं" म्हणायचं, एवढं मामूंचं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.