जॅनेलचं निलंबन आणि ओडेट मिशो

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, बटाट्याच्या शेतांमध्ये वसलेल्या त्या गावात ओडेट मिशोला सगळे ओळखत. गावच्या हायस्कुलात ती समुपदेशक होती. कुणाला सैन्यात जायचंय, कुणाचा बाप घरी धिंगाणा घालतो, सगळं तिच्या टेबलाशी येऊन थांबायचं. नामांकित कॉलेजात मात्र तिच्या शाळेचं पोर जाऊन वर्षं लोटली होती.

म्हणून आता सगळ्यांची भिस्त जॅनेल डेगलवर होती. ओडेटच्या चुलत बहिणीची, रोशेलची ही मुलगी. शाळेत पहिली, बटाटे काढायच्या सुट्टीत यंत्रावर उभी राहून दगड वेचणारी, आणि बॉस्टनच्या एका कॉलेजाचा ध्यास घेतलेली.

अडचण एकच होती. आदल्या वर्षी रसायनशास्त्राच्या परीक्षेत तिने कर्टिस नावाच्या वर्गमित्राला उत्तरं दाखवली. नापास झाला असता तर तो हॉकीच्या संघातून गेला असता. दोघंही सापडले आणि शाळेने दोघांना तीन दिवस निलंबित केलं. आता कॉलेजं शाळेला विचारत होती, या मुलीवर कधी कारवाई झाली होती का? उत्तर समुपदेशकानेच लिहायचं होतं.

"नाही म्हणून टाक," मुख्याध्यापक ड्वेन हॅफर्ड म्हणाले. "एवढ्या लांब बघायला कोण येतंय?"

"माझ्या भाचीचं झाकलं, तर उद्या दुसऱ्याच्या पोराचं कुठल्या तोंडाने सांगू, ड्वेन?"

त्याच दुपारी तिने जॅनेलला बोलावलं. "मी खरं लिहिणार आहे. कॉलेजांना आधी तुझ्याकडून कळू दे."

"मावशी, तू माझ्या बाजूची आहेस की नाही?"

"आहे, म्हणून तर आधी सांगतेय."

जॅनेल दार आपटून गेली. चार दिवसांनी आली ती एक पान लिहून घेऊनच. ओडेटने वाचलं.

"यात कर्टिसच कर्टिस आहे. तू कुठेयस?"

जॅनेलने पान ओढून घेतलं आणि तिथेच बसून पुन्हा लिहिलं. यावेळी त्यात होतं, की कुणाला माझी गरज लागली की मला मोठं झाल्यासारखं वाटतं, आणि त्या दिवशी मला ते फार आवडलं होतं.

"हे असंच राहू दे," ओडेट एवढंच म्हणाली.

रोशेलने मात्र ओडेटशी बोलणं टाकलं. चर्चच्या जेवणावळीत, सगळ्यांसमोर, वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "ओडेटला घेवडा जास्त वाढा गं. नुसत्या खरेपणावर पोट भरत नाही." लोक हसले. ओडेटनेही हसून ताट पुढे केलं.

मार्चअखेर बॉस्टनचा नकार आला. रोशेलने फोन करून, "झालं समाधान?" एवढंच विचारलं आणि ठेवून दिला. त्या आठवड्यात ओडेटचं कामात लक्ष लागलं नाही. आपण पोरीचं वाटोळं केलं का, हेच डोक्यात.

मग व्हर्मॉंट राज्यातल्या एका कॉलेजाने जॅनेलला शिष्यवृत्तीसकट घेतलं. तिथेही शंभरातले मोजकेच घेतात. तिथल्या प्रवेशाचं काम बघणाऱ्या बाईंनी फेब्रुवारीत ओडेटला फोन करून विचारलं होतं, हे निलंबनाचं पान मुलीनेच लिहिलंय ना? ओडेट म्हणाली होती, "तिनेच. मी फक्त एकदा परत लिहायला लावलं."

बॉस्टनने त्या निलंबनामुळेच नाकारलं का, ते कुणीच सांगितलं नाही. ते हजारोंना नाकारतात.

ऑगस्टच्या शेवटी रोशेल स्वतःहून दाराशी आली. "जॅनेलला कॉलेजात सोडायचंय. मला हमरस्त्यावर गाडी चालवायची भीती वाटते. येतेस?"

ओडेट गेली. जॅनेलचं सामान खोलीवर चढवून, तिला मिठ्या मारून दोघी बहिणी परत निघाल्या. गाडी ओडेटच चालवत होती.

"तुझ्या पोटची पोर असती, तर लिहिलं असतंस?" रोशेलने विचारलं.

"लिहिलं असतं. हात थरथरला असता."

"आणि माझ्या पोरीचं लिहिताना?"

"थरथरलाच."

रोशेल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढे कुठे कॉफी मिळाली तर थांबव."