देऊळ, चमचा, पिवळा, घोडा, नदी

आमच्या गल्लीत वच्छलाबाईंचा आवाज आधी येतो, वच्छलाबाई नंतर. टेंभुर्णीच्या बाजारात त्यांनी कुणाला टोमणा मारला की तो पुढच्या बाजारापर्यंत गावात फिरत राहतो. मेंढरांमागं चालून टाचा फाटलेल्या, पण मान कायम ताठ. माझ्या धाकटीला गोवर निघाला तेव्हा याच बाई कडुलिंबाचे डहाळे घेऊन तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या. पुढचं वाचून त्यांना कुणी निर्दयी म्हणेल, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

त्यांचे मालक राधाकिसनभाऊ. गडी अबोल. कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखतानं शेतकऱ्याचं रान सुधारायचं आणि त्याबदल्यात ज्वारी घरी आणायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. दोघांना एकच लेक, शालू.

दिवाळीच्या आधी एका सकाळी भाऊंच्या तोंडातला चहा ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागला. जीभ जड झाली, उजव्या हातातून कपबशी पडली. जेवायच्या वेळेपर्यंत सगळं ठीक झालं. अंगावरून वारं गेलं म्हणाले लोक. कुणी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. जाफराबादच्या डॉक्टरनं ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या आणि त्या सोडू नका म्हणून बजावलं. महिनाभर घेतल्या. मग बरं वाटतंय तर कशाला, म्हणून पाकीट भिंतीतल्या देवळीत पडून राहिलं.

वारं गेलं, पण जाताना काहीतरी घेऊन गेलं. भाऊ भरल्या घरात टोपी शोधायचे आणि ती डोक्यावर असायची. एकदा गावातल्या ओमप्रकाशच्या मोकळ्या रानात बसवायची मेंढरं त्यांनी शेजारच्या उभ्या हरभऱ्यात नेऊन बसवली आणि स्वतः बांधावर निवांत विडी ओढत राहिले. त्या दिवशी वच्छलाबाई तोंडातून शब्द न काढता घरी आल्या. तेव्हाच मला समजलं की काम बिघडलंय.

संक्रांतीनंतर शहरातल्या मेडिकल कॉलेजची जीप गावात आली. डॉक्टर तृप्ती नावाची तरुण मुलगी आणि दोन सिस्टर. त्यांचं संशोधन होतं. छोटा झटका येऊन गेलेल्या माणसाचा मेंदू पुढं हळूहळू सुकत जातो, माणूस विसरत जातो, मग मोठा झटका येतो. तर सुरुवातीलाच धरलं तर मेंदू वाचवता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. विसरणं नुकतं सुरू झालेल्यांनाच घेणार होते. अशा माणसाच्या घरी दर आठवड्याला सिस्टर येणार, गोळी समोर खायला लावणार, व्यायाम घेणार, शहरात नेऊन मेंदूचा फोटो काढणार.

गावानं पहिल्याच दिवशी दवाखान्यातल्या त्यांच्या तपासणीच्या खोलीला येड्याची खोली म्हणायला सुरुवात केली. ज्यांना घेतलं त्यांच्या दारात जीप थांबायची, आणि गल्ली दारात येऊन बघायची.

नेमकं त्याच वेळी शालूचं आष्टीला जमत आलं होतं. मुलगा सुग्रीव जालन्यात सळईच्या कारखान्यात. मुलाची आई उषाबाई घर बघायला आली तेव्हा पोहे खाता खाता तिनं विचारलं होतं, घराण्यात कुणाला फेफरं, येड वगैरे न्हाई ना? वच्छलाबाईंनी हसून तिच्या बशीत आणखी पोहे वाढले होते.

खोलीत काय विचारतात ते बघायला वच्छलाबाई खिडकीखाली जाऊन बसल्या. आत कडूबा होते, त्यांच्याच भावकीतले म्हातारे; त्यांच्याही अंगावरून वारं गेलेलं. डॉक्टरनं पाच शब्द सांगितले, इकडचं तिकडचं विचारलं आणि मग तेच शब्द परत म्हणायला लावले. कडूबांना एकही आठवला नाही. त्यांच्यानंतर आलेल्यालाही तेच पाच. दुपारपर्यंत वच्छलाबाईंचे ते पाठ झाले होते.

वारं गेलेल्या सगळ्यांची यादीच केली होती; भाऊंचा नंबर पुढच्या आठवड्यात होता.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची ओसरी दिसते. संध्याकाळी भाऊंपुढं ताट असायचं, आणि भाकरी मात्र वच्छलाबाईंच्या मांडीवर, फडक्यात.

"आधी पाच सांगा. मंग भाकर."

"देऊळ," भाऊ म्हणायचे. "चमचा." मग थांबायचे. भाकरीकडं बघायचे.

"कुठल्या रंगाचा?"

"लाल."

"लाल न्हाई. परत पहिल्यापासून."

रानातून दमून आलेला माणूस. कालवण गार व्हायचं. कधी चिडून उठायला लागले तर त्या खांदा धरून खाली बसवायच्या. एकदा भाऊंच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी फडकं सुटलं नाही. पुढं पुढं त्या भाकरी घेऊन आल्या की भाऊ त्यांच्या हाताकडं बघतच देऊळ, चमचा करायला लागले, वळणावर काठी उगारलेली दिसली की मेंढरू आपोआप वळतं तसे.

मी एकदा बोलले. म्हटलं, वच्छलाबाई, खरं तेच कळू द्या डॉक्टरला, त्यात भाऊंचं भलं आहे.

"तुमचं बराबर हाय वहिनी," त्या म्हणाल्या. "पण जीप दारात थांबली तर आष्टीला खबर जायला येळ लागत न्हाई. एकदा पोरगी उजवू द्या. मंग त्यांच्या डोक्याचं बघू. डोस्कं काय पळून चाललंय?"

परीक्षेला भाऊ धुतलेलं धोतर नेसून गेले. पाचच्या पाच शब्द सांगितले, वार सांगितला, महिना सांगितला. डॉक्टर तृप्ती म्हणाली, काका, तुम्ही एकदम छान आहात, आमची गरज नाही तुम्हाला. दारातच कडूबा बसले होते. संशोधनासाठी त्यांचं नाव घेतलं गेलं होतं. वच्छलाबाईंनी जाता जाता ऐकवलंच, "कडूबा भाऊजी, आमच्या मालकाला पाचच्या पाच. तुमाला घोड्यावर बसवलं तरी घोडा आठवायचा न्हाई." दवाखान्याच्या ओसरीवरचे सगळे हसले. कडूबाही हसले, पण खाली बघत.

लग्न उन्हाळ्यात झालं. निरोपाच्या वेळी शालू बापाच्या छातीवर डोकं ठेवून रडली. भाऊंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारच्या माणसाला विचारलं, "कोणाची लेक चालली?"

"डोळ्यात पाणी आलं की दिसत न्हाई त्यांना," वच्छलाबाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि शालूला गाडीत बसवलं.

त्यानंतर आता डॉक्टरकडं जाऊ म्हणेपर्यंत पाऊसपाणी आलं, मेंढरांची रोगराई आली, आषाढ गेला. पोळ्याच्या सुमारास भाऊ नदीवरून घरचा रस्ता चुकले आणि देऊळगावच्या वाटेला सापडले. दसऱ्यानंतर मोठा झटका आला. उजवा पाय ओढायला लागला, आणि उरलंसुरलं डोकंही पायाबरोबर गेलं. मेंढरं विकावी लागली. आष्टीला खबर पोचलीच. शालूच्या हातून भाजीत मीठ राहिलं तरी उषाबाई चार बायकांत म्हणायची, बापावर गेली. पहिल्या दिवाळसणालाही शालूला माहेरी पाठवलं नाही. येड्याच्या घरचं पाणी नको म्हणाली.

आणि तिकडं कडूबा काठी न घेता बाजारात यायचे. सिस्टर येऊन येऊन गोळ्या अंगवळणी पडल्या होत्या. नातवाचं नाव चुकायचं, पण नातू कोण ते समजायचं.

भाऊ दिवसभर चहाच्या हॉटेलसमोर बसायचे. तिथल्या रिकाम्या लोकांना एक खेळ सापडला. कुणीतरी म्हणायचं, "राधाकिसन, पाच." भाऊ लगेच भिंतीला धरून उभे राहायचे आणि म्हणायचे, देऊळ, चमचा, पिवळा, घोडा, नदी. मग त्यांना अर्धा चहा. परगावचा पाहुणा आला तर त्यालाही दाखवायचे. एका बाजारी वच्छलाबाईंनी हे डोळ्यांनी पाहिलं. माझ्या हातात पिशवी होती, मी बरोबरच होते. वाटलं, आता यांच्या जिभेनं हॉटेल पेटणार. त्या पुढं गेल्या, भाऊंच्या हातातली कपबशी काढून बाकावर ठेवली आणि त्यांना दंडाला धरून घरी आणलं. मागून कुणीतरी म्हणालं, मास्तरीण आली.

या वर्षी जीप नवे पेशंट निवडायला परत आली. आता वच्छलाबाईंनाच पहिला नंबर हवा होता. भाऊंना सावरायला दोघी लागायच्या, म्हणून मीही गेले. कडूबा तपासणीला आलेले होते. आम्हाला बघून सरकून त्यांनी बाकावर जागा केली आणि भाऊ टेकल्यावर हळूच वच्छलाबाईंना म्हणाले, "वहिनी, पाचच्या पाच ना?"

वच्छलाबाईंनी पदर नीट केला.

डॉक्टर तृप्तीनं भाऊंना गाव विचारलं. नाही आलं. स्वतःचं नाव अर्धं आलं. मग ती म्हणाली, "काका, आता मी पाच शब्द सांगते, ते तुम्ही..."

पुढचं तिला बोलताच आलं नाही. भाऊ टेबलाला धरून उठले आणि म्हणाले, "देऊळ, चमचा, पिवळा, घोडा, नदी."

पोरीनं त्यांच्याकडं बघितलं, मग वच्छलाबाईंकडं. "मावशी, हे शब्द आमचे गेल्या वेळचे आहेत," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. यांना स्वतःचं नाव येत नाही."

"म्याच शिकवले," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोरीचं लगीन व्हतं. तवा बी विसरूनच राह्यले व्हते ते. खोटं पास केलं म्या. आता घ्या त्यांना. जीप दारात उभी करा, रोज करा, बिलकुल काही म्हणणार न्हाई."

डॉक्टर रागावली असती तर बरं झालं असतं. ती समजुतीनं बोलली. म्हणाली, यात सुरुवातीचेच पेशंट घेता येतात. काका त्याच्या फार पुढं गेलेत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या लिहून देते, पण गेलेलं परत येणार नाही.

"तवा घेतलं असतं तर?"

"ते आम्हालाच अजून माहीत नाही, मावशी. कदाचित इतकं झालं नसतं. तेच शोधतोय."

मग तिनं शेवटचं म्हणून भाऊंना विचारलं, "काका, या कोण?" आणि वच्छलाबाईंकडं बोट केलं.

भाऊंनी खूप वेळ बघितलं. मग त्यांनी अंग चोरलं आणि माझ्या बाजूला सरकले.

"ह्या बाई परीक्षा घेत्यात," ते हळूच म्हणाले. "चुकलं की भाकर देत न्हाईत."

घरी येईपर्यंत वच्छलाबाई भाऊंचा हात धरून चालत होत्या आणि भाऊ हात सोडवायला बघत होते.

आता माझ्या खिडकीतून संध्याकाळी वेगळंच दिसतं. वच्छलाबाई भाकरी आणतात, कालवणात कुस्करतात, ताट पुढं ठेवतात आणि म्हणतात, "जेवा. काही इचारत न्हाई." भाऊ ताटाला हात लावत नाहीत. त्यांच्याकडं बघत पाचही शब्द म्हणतात, मग थांबतात, मग परत पहिल्यापासून. त्या "बराबर" म्हणाल्या तरी भाऊ थांबत नाहीत, आणि भाकरी तशीच राहते. मध्ये चार दिवस ते उपाशीच राहिल्यासारखे होते.

मग वच्छलाबाईंनीच उपाय काढला. ताट ठेवतात आणि आत जाऊन दाराच्या फळीमागं उभ्या राहतात. समोर त्या दिसल्या नाहीत की भाऊ घटकाभरानं हळूच घास उचलतात. त्यांचं खाऊन होईपर्यंत वच्छलाबाई तिथंच असतात, भिंतीला पाठ लावून, बांगड्या वाजू नयेत म्हणून एका हातानं दुसरं मनगट धरून.