एका घरात क्रेडिट कार्डं किती असावीत?

गेल्या आठवड्यात कुरियरने आलं ते असं : आमच्या तेजसचं तिसरं क्रेडिट कार्ड आणि त्याच्यासोबत एक प्रवासी बॅग. बॅग फुकट, कार्डही पहिलं वर्ष फुकट... पुढच्या वर्षापासून नऊशे नव्व्याण्णव, वर टॅक्स वेगळा.

फुकट म्हटलं की माझा विश्वासच बसत नाही. तरी घरात आलेली नवी वस्तू म्हणून कार्ड देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं.

पगार झाला की तेजस घरखर्चाचे आणि बिलांचे पैसे माझ्याकडे देतो. लाइट, गॅस, त्याची कार्डं... सगळं मीच मोबाइलवरून भरते. दहावीच शिकलेय, पण आजवर एक बिल चुकवलं नव्हतं.

शुक्रवारी देवापाशी दिवा लावला आणि एकदम आठवलं, दुसऱ्या कार्डाची शेवटची तारीख आजच! आता आमच्या सासूबाईंची शिकवण अशी की दिवेलागणीनंतर, त्यातून शुक्रवारी, घरातली लक्ष्मी बाहेर द्यायची नाही. मोबाइल हातात घेतला... आणि खाली ठेवला. शनिवारी सकाळी आंघोळ-पूजा उरकून लगेच पैसे भरले.

थोड्या वेळात तेजसचा ऑफिसातून फोन. "अगं आई, काल लास्ट डेट होती!"

"अरे, पण शुक्रवार होता ना रे..."

"बँकेला कसला आलाय शुक्रवार! सोमवारी लोनसाठी जायचंय आपल्याला."

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लक्ष्मीला घरात ठेवून घेतलंस ना? आता व्याज घाल तिच्या पदरात."

शीळफाट्याजवळच्या फ्लॅटचं टोकन देऊन बसलोय. लग्न होऊन डोंबिवलीत आले तेव्हापासून भाड्याच्याच घरात... माझ्या त्या एका संध्याकाळपायी लोन नाकारलं तर? रविवारी जपाला बसले तर माळ कुठवर आली तेच कळेना.

सोमवारी ठाण्याच्या बँकेत साहेबांनी स्क्रीनकडे बघत विचारलं, "कार्डांची बिलं वेळेवर भरता ना?"

मी तोंड उघडणार, तोच तेजस म्हणाला, "परवा माझ्याकडून एक दिवस उशीर झाला, सर."

माझ्याकडून... मी खाली मान घालून पर्सची चेन उघडझाक करत बसले.

साहेब म्हणाले, एका दिवसाने फारसं बिघडत नाही, व्याज लागेल तेवढंच. पण तीन कार्डं कशाला? लोनचं काय ते फोन करून कळवतो.

बाहेर रिक्षा शोधताना तेजस म्हणाला, "आई, किती कार्डं ठेवायची ते तूच सांग. लक्षात तुला ठेवायला लागतं."

तिसरं बंद करायचं हे मी तिथेच सांगून टाकलं. प्रश्न दुसऱ्या कार्डाचा आहे. तो म्हणतो, हॉस्पिटलच्या काउंटरवर एक चाललं नाही तर हाताशी दुसरं हवं. मला वाटतं, माझ्या डोक्यात मावतील तेवढीच असावीत... पण उद्या खरंच तशी वेळ आली तर, ही भीतीही आहेच.

पोराने परक्या माणसासमोर माझी चूक स्वतःवर घेतली. देवाकडे याहून जास्त काय मागू? पण पुन्हा त्याला ती घ्यायला लागू नये.

तुमच्या घरी एक कार्ड आहे की दोन? एकच ठेवून कधी अडलं का? उलट टपाली कळवा... साहेबांचा फोन यायच्या आत.